फाईलचं माहेर विचारणाऱ्या अक्का

अक्कांविषयी धुळ्यात जे बोललं जातं ते खरं नाही. आमच्या साहित्य मंडळाच्या पुस्तकाची त्यांनी वाट लावली, असं आजही चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतं. नव्या सभासदाला तसंच सांगितलं जातं आणि तो पुढच्याला सांगतो. ते पुस्तक अक्कांनी बिघडवलं नाही, मी बिघडवलं. मंडळ आता दुसरी आवृत्ती काढतं आहे. प्रस्तावनेत 'पहिल्या आवृत्तीत रूपांतर करणाऱ्या व्यक्तीच्या चुकीमुळे' असं एक वाक्य येणार आहे. जुना चिटणीस म्हणून मसुदा नजरेखालून घालायला माझ्याकडे पाठवला होता. त्या वाक्यापाशी मी थांबलो आणि हे लिहायला बसलो.

पण अक्का म्हणजे ते पुस्तक नव्हे. आधी अक्का सांगतो.

मी धुळ्याचा. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा मुलगा जळगावला होता, म्हणून माझे निम्मे दिवस तिकडे जायचे. सूनबाई म्हणाल्या, "दिवसभर पेपर वाचता, त्यापेक्षा कॉम्प्युटर तरी शिका." तसा मी अक्कांच्या क्लासात गेलो. पेठेत बियाण्यांच्या एका दुकानाच्या माडीवर तो क्लास होता. जिना चढताना कपाशीच्या बियाण्याला चोळलेल्या औषधाचा वास नाकात बसायचा, तो घरी येऊन आंघोळ केल्याशिवाय जायचा नाही. पाटीवर 'मराठी टायपिंग व कॉम्प्युटर' असं होतं. टायपिंग दोन मुली शिकवायच्या. अक्का आतल्या खोलीत असायच्या.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, शेतातून कोणी बाई पैसे भरायला आली आहे. कपाशी वेचायला जाणाऱ्या बाया घालतात तसा साडीवर पुरुषी पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात. त्या मूळच्या फैजपूरकडच्या, केळीच्या बागाईतदारांच्या घरातल्या. शर्टाबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, "कामाला आलो तर कामाचे कपडे. तुम्ही कायले लग्नाला आल्यासारखे येता?"

खोलीतला माउस भिंतीवर खिळ्याला शेपटीनं टांगलेला होता. मी विचारलं, "मेला आहे का हा?"

"जिता आहे. पण काम करताना मधी कोणी बोट दाखवलेलं मले चालत नाही."

त्या काळ्या पडद्यावर काम करायच्या. चित्र नाही, खिडकी नाही, नुसती लुकलुकणारी एक रेघ. तिथे कमांड टाइप करायची आणि एंटर दाबायचं. काम असं होतं: युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे मराठी निरनिराळ्या फॉन्टांत टाइप व्हायची. पडद्यावर दिसायला मराठी, पण मशीनच्या पोटात प्रत्येक फॉन्टच्या खुणा वेगळ्या. तीच फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि पौंडाची चिन्हं दिसायची. शाळा, छापखाने, पतपेढ्या, सगळ्यांकडे असल्या फायलींचे ढीग साचले होते. त्या फायली जुन्या खुणांमधून युनिकोडमध्ये आणून द्यायच्या, हा अक्कांचा धंदा. त्यासाठीचा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता.

कुणी सीडी घेऊन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "हिचं माहेर कोणतं?"

माणूस गोंधळायचा. माहेर म्हणजे फाईल कुठल्या फॉन्टात टाइप झाली ते, आणि सासर म्हणजे तिला कुठे न्यायचं ते. कमांडमध्ये आधी माहेर लिहायचं, मग सासर. माहेर सांगितल्याशिवाय अक्का पोर पाठवायच्या नाहीत. एकदा एक हेडमास्तर घाईघाईत आले. शाळेची स्मरणिका होती, दारात रिक्षा थांबवलेली.

"माहेर-बिहेर मला नाही ठाऊक बाई. हल्ली मशीन स्वतःच ओळखतं म्हणे. ऑटो करून टाका."

"ऑटो खाली उभा आहे तुमचा. त्याच्याकडून करून घ्या."

हेडमास्तर रागावून गेले आणि दुसऱ्या दिवशी ज्यानं टाइप केलं होतं त्या शिपायालाच घेऊन आले. अक्कांनी त्याला खुर्ची दिली, केळी पुढे केली आणि तासभर त्याच्याशी गप्पा मारल्या. कुठला कीबोर्ड होता, 'क्ष' कसा काढायचास, मध्येच मशीन बदललं होतं का. हेडमास्तर बाकावर बसून होते. नंतर मला म्हणाल्या, "मशीनचा अंदाज शंभरात नव्वदा बरोबर येतो रे. मंग उरलेल्या दहाकडे कोणी बघतच नाही. तेच वाईट."

'रे' म्हणायच्या त्या. त्यांच्या क्लासात पाऊल टाकलं की माणूस 'रे' व्हायचा. मी बँकेत साहेब होतो, डोक्यावरचे केस पांढरे झालेले, तरी 'रे'. मुली तोंडाला पदर लावून हसायच्या.

एंटर दाबण्याआधी सगळी कमांड मोठ्यानं म्हणून दाखवावी लागे. कुठून, कुठे, कोणती फाईल, नवी फाईल कोणत्या नावानं, आणि अक्षर ओळखीचं निघालं नाही तर काय करायचं. पूजेत संकल्प सोडतात तसं उजवा हात उताणा ठेवून. सुरुवातीला मला लाज वाटली. पुढे लक्षात आलं, की म्हणता म्हणता आपल्यालाच आपली चूक ऐकू येते. एकदा मी नव्या फाईलला जुन्याच फाईलचं नाव दिलं होतं. ते म्हणताना माझी जीभ अडखळली. अक्का खालमानेनं केळं सोलत म्हणाल्या, "आलं का ध्यानात? पोर निघाली तर निघाली, पण माहेरचं घर पाडून नाही निघत." मूळ फाईलला त्या कधी हात लावू द्यायच्या नाहीत. मूळ फाईल एका बाजूला सुखरूप, आणि तिची नक्कल घेऊन काम.

झालेल्या फाईलला पुन्हा तीच कमांड दिली तर अक्षरांचा चेंदामेंदा होतो. हे नवशिक्याकडून हमखास होतं. त्यावर त्या म्हणायच्या, "लग्न झालेल्या पोरीले परत बोहल्यावर उभी केली की असंच व्हते."

आणि काम झालं की 'माहेरपण'. युनिकोडमध्ये गेलेली फाईल उलटी फिरवून परत जुन्या फॉन्टात आणायची आणि मूळ फाईलशी ताडून पाहायची. एका अक्षराचाही फरक निघता कामा नये. "पोर माहेरपणाला आली आन वाळलेली दिसली, तर त्या घरात काहीतरी आहे. मंग लाजायचं नाही, जाऊन विचारायचं." एवढं कुणी करत नसे. जिल्ह्यात हे काम करणारे आणखी दोघे-तिघे होते, ते सकाळी फाईल घ्यायचे आणि दुपारी द्यायचे. अक्कांकडे आठवडा लागायचा. पण अक्कांकडून आलेल्या फाईलवर पुन्हा मुद्रितं तपासायला कुणी बसत नसे.

हे सासर-माहेर ऐकून ऐकून एका धीट मुलीनं एकदा विचारलंच, "अक्का, तुमचं सासर कुठलं?" अक्का नांदायला गेल्या होत्या आणि थोड्याच दिवसांत परत आल्या, एवढं सगळ्यांना ऐकून माहीत होतं. अक्का पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "माह्यं कन्व्हर्जन झालंच नाही. एरर येऊन थांबलं. बरं झालं थांबलं." आणि स्वतःच इतक्या मोठ्यानं हसल्या, की खालून दुकानदार विचारायला आला.

थांबण्यावर त्यांचा फार विश्वास होता. त्यांच्या प्रोग्रामला ओळखीचं नसलेलं चिन्ह भेटलं, की तो काम थांबवून पडद्यावर लिहायचा: 'हे कोण ते मला माहीत नाही.' असा निरोप त्यांनीच मराठीत लिहून ठेवला होता. त्याला एक पळवाटही होती. कमांडच्या शेवटी एक खूण जोडली, की प्रोग्राम न थांबता अनोळखी चिन्ह गुपचूप टाकून द्यायचा आणि पुढे जायचा. त्या सोयीला अक्का 'गाळणी' म्हणायच्या. सीडीवर खरोखरच कचरा असला तरच ती वापरायची, तीही त्यांना विचारून. "गाळणीचा दोष काय, तर ती आवाज करत नाही," असं त्या म्हणायच्या.

आता पुस्तकाकडे येतो.

आमच्या भागात प्रत्येक वावराला, विहिरीला, नाल्याला नाव असतं. सातबाऱ्यावर गटाचा नंबर असतो, पण घरातली माणसं नावानंच बोलतात. ती नावं आणि ती कशी पडली याच्या हकीकती मंडळाच्या माणसांनी गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांकडून, त्यांच्याच अहिराणीत लिहून आणल्या होत्या. त्या टाइप करायचं काम धुळ्यात भिकनकडे होतं. भिकन मंडळाचा टायपिस्ट, फार सज्जन माणूस, आणि अबोल. त्यानं सगळं टाइप करून आणलं आणि मी ते रूपांतरासाठी जळगावला अक्कांकडे नेलं.

प्रोग्राम चालू झाला आणि थोड्या वेळानं थांबला. 'हे कोण ते मला माहीत नाही.' उभा खांब आणि त्याला दोन आडव्या काड्या, असं एक लहानसं चिन्ह होतं. मराठी लिहिताना ते कधीच लागत नाही.

मी म्हणालो, "कचरा असेल अक्का. काढून टाका."

"कचरा एकट्यानं पडतो. हे बघ, जोडीजोडीनं आहे. एक मजकुराच्या आधी, एक नंतर. कोणीतरी हातानं ठेवलंय. भिकनले विचार."

"तो भाचीच्या लग्नाला पिंपळनेरच्या पुढे कुठल्या पाड्यावर गेलाय. फोन लागत नाही."

"मंग येऊ दे त्याले."

"अक्का, प्रकाशनाला मंत्री येणार आहेत. तारीख हलणार नाही."

"तारीख तुह्या मंत्र्याची आहे. माह्या फाईलची नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांना नात्यातल्या कुणाच्या बाराव्याला फैजपूरला जावं लागलं. जाताना मला बजावून गेल्या, हात लावू नको. दुपारी मुली जेवायला गेल्या. मी आतल्या खोलीत बसलो, कमांड टाइप केली आणि शेवटी गाळणीची खूण जोडली. मोठ्यानं म्हटलं मात्र नाही. प्रोग्राम न अडखळता सुरुवातीपासून शेवटापर्यंत गेला. मला फार बरं वाटलं, हे मी लपवत नाही. पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि संध्याकाळच्या एस.टी.नं धुळ्याला येऊन छापखान्यात दिला. त्यांना सांगितलं, अक्कांनी करून दिलं आहे.

अक्कांचा फोन आला. "भिकनशी बोलला का?"

"बोललो. कचराच होता म्हणाला."

"माहेरपण केलं?"

"केलं."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

तो कचरा नव्हता. हकीकत सांगता सांगता आमच्याकडची म्हातारी माणसं मध्येच म्हणतात, "हाई लिखू नका भाऊ, तुमले सांगी ऱ्हायनू." तोपर्यंत लिहिणाऱ्यानं लिहिलेलं असायचं. भिकननं हस्तलिखितात होतं ते सगळं टाइप केलं, पण जे विश्वासानं सांगितलेलं होतं त्याच्या आधी आणि नंतर त्या काड्यांचा खांब उभा केला. छापायच्या वेळी स्वतः छापखान्यात बसून तेवढा मजकूर काढायचा, असं त्यानं ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. कारण सांगायचं म्हटलं तर काय झाकलंय तेही सांगावं लागलं असतं. लग्नाहून तो परत आला तेव्हा पुस्तकं बांधून तयार होती. एक प्रत चाळून तो मंडळाच्या पायऱ्यांवर खालीच बसला. मला म्हणाला, "भाऊ, मन्ह्या काड्या कोठे गयात?"

बऱ्याच ठिकाणी किरकोळ गोष्टी होत्या, लोक हसले आणि विसरले. दोंडाईच्याजवळच्या एका गावात मात्र तसं झालं नाही. तिथे एका शेताचं नाव 'रुसेल वावर' आहे. एका माईनं त्याची हकीकत सांगितली होती. तिच्या नवऱ्याचं आणि धाकट्या दिराचं शेत लागून. दीर एका वर्षी रुसला तो शेतात यायचाच बंद झाला, म्हणून ते नाव. इथपर्यंत गावाला माहीत होतं. पुढचं तिनं विश्वासानं सांगितलं होतं, की तिचा नवरा दर हंगामात औत धरताना एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक रेघ, दिराचा बांध खात गेला आणि दिराला ते कळलं होतं, पण सिद्ध करता आलं नव्हतं. नवरा वारला, दीर वारला, दोन्ही घरं पुन्हा बोलू लागली होती. माईला स्वतःचं मूल नाही. दिराचीच नातवंडं तिच्या मांडीवर वाढली. पुस्तकात तिच्या नावानिशी ते छापलं गेलं. गावातल्या एका मास्तरनं ते पारावर वाचून दाखवलं. दिराच्या घरानं सरकारी मोजणी आणली, बोलणं बंद केलं, आणि त्याच वर्षी मांडीवर वाढलेल्या नातीच्या लग्नाची हळद माईच्या दारावरून पुढे गेली.

मंडळाची तातडीची बैठक झाली. अक्कांना बोलावलं होतं. त्या शर्ट घालूनच आल्या. अध्यक्ष तावातावानं बोलले, "जळगावच्या बाईंनी घाण करून ठेवली. आम्ही लोकांना काय तोंड दाखवायचं?"

अक्कांनी एकच प्रश्न विचारला. "कमांड काय दिली होती?"

"ते तांत्रिक आम्हाला सांगू नका बाई," अध्यक्ष म्हणाले.

पण प्रश्न त्यांना नव्हता. अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी समोरचे कागद सारखे करत राहिलो. भिकन कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. काड्या कुणी काढल्या ते त्याला माहीत नव्हतं. मग अक्कांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, शेजारच्याला विचारलं, "दोंडाईच्याची गाडी किती वाजता आहे?" आणि उठून गेल्या. बाई पळाली, असं लोक म्हणाले. मी त्यांना म्हणू दिलं.

बातमी जळगावात पोचायला वेळ लागला नाही. शाळांनी काम देणं बंद केलं, मग छापखान्यांनी. ज्या फाईलवर पुन्हा मुद्रितं तपासायला कुणी बसत नसे, तिच्याबद्दल लोक म्हणू लागले, जरा बघून घ्या हं, त्या बाईंकडची आहे. काही वर्षांत क्लास बंद पडला. मुलाची बदली झाली, माझं जळगावला जाणं संपलं. मी कधी चौकशी केली नाही. चौकशी करायची भीती वाटायची, हे जास्त खरं.

प्रस्तावनेचा मसुदा वाचल्यावर मी फैजपूरला गेलो. अक्का पुतण्याकडे असतात. आता दिसायला फार कमी झालं आहे. ओसरीवर बाजेवर बसल्या होत्या, शर्ट होताच. आवाज ओळखला. "बँकवाला का रे?"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काळ्या पडद्यावर वरचा बाण दाबला की आधीची कमांड दिसते. तुले शिकवलं होतं ना मी?"

"हो."

"फैजपूरहून आली त्याच दिवशी दाबला होता मी बाण. गाळणी दिसली. मनात म्हटलं, भिकनले विचारून लावली असंल. तुले फोन केला तो त्याच्यासाठी."

"मग बैठकीत बोलला का नाहीत? मशीन दाखवलं असतं तरी—"

"गाळणी कोणी बनवली होती?" त्या एकदम म्हणाल्या. "मीच ना? आवाज न करता टाकून देणारी गोष्ट मीच प्रोग्रामात ठेवली. वापरू नको म्हणून सांगत बसली, पण काढली नाही. तू हात घातला तो माह्याच खिडकीतून. मंग तिथं बसून तू का मी करत बसायला मले टाइम नव्हता. गाडी होती."

मी म्हणालो, दुसऱ्या आवृत्तीत खरं छापतो, तुमचं नाव साफ करतो. त्या वैतागल्या. "माह्या नावाचं काय घेऊन बसला? छाप का नको छापू. त्या माईकडे गेला होता का?"

नव्हतो गेलो.

"मंग माह्याकडे आधी कायले आला?"

दोंडाईच्याला उतरून पुढे रिक्षानं त्या गावी गेलो. माई आता नव्वदीच्या आसपास असेल. दारात गोधडी टाकून शेंगा फोडत बसली होती. बोटं मात्र भराभर चालत होती. मी नाव सांगितलं, मंडळाचं सांगितलं. मंडळ म्हटल्यावर बोटं थांबली. मग मी काय केलं होतं ते सांगितलं. चिन्ह, मशीन यातलं काही नाही. तुम्ही लिहू नका म्हणाला होतात ते झाकून ठेवलेलं होतं, आणि ते झाकण मी काढलं, एवढंच.

"आन ती बाई?" माईनं विचारलं. "सदरावाली?"

"त्यांनी काही केलं नव्हतं."

"मंग ती का बरं उनी व्हती? मन्हा पाय धरीसनी सांगे, माय, मन्ही चूक शे."

माईच मग सांगत राहिली. बैठकीच्या दिवशी ती बाई दिवेलागणीला आली. दुसऱ्या दिवशी दिराच्या घरी जाऊन ओसरीवर बसली, त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही तरी उठली नाही. म्हणत राहिली, या म्हातारीनं गावात सांगितलं नाही, मी फोडलं, राग धरायचा तर माझ्यावर धरा. तिसऱ्या खेपेला धाकट्या सुनेनं पाणी आणून दिलं. आता सुना माईशी बोलतात. पोरं येतात. दिराचा थोरला अजून बोलत नाही. आणि त्या वर्षापासून दर आखाजीला, लेकी माहेरी येतात त्या सणाला, ती बाई माईकडे यायची. तिची नजर जाईपर्यंत. येताना केळीचा घड आणायची आणि दोघी झोक्यावर बसायच्या.

"तुम्ही रागावला नाहीत त्यांच्यावर?"

"दोन साल रागमा व्हतू. बोलू, पन मनमाईन नही. मंग एक आखाजीले तिले माफ करी टाकं." शेंग फुटली, दाणे सुपात पडले. "आते तू सांगस, ती नव्हतीच. मंग मन्हं ते वाया गयं ना रे भाऊ. तुन्हाकरता नवं कोठून लयू? मन्हाकडे उरेल नही."

मी हात जोडले. तिनं ते पाहिलं की नाही, ठाऊक नाही. सूप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "बठेल शे तं शेंगा फोड."

अंधारून येईपर्यंत मी शेंगा फोडल्या. निघताना मी काही मागितलं नाही.

दोंडाईच्याच्या स्टँडवरून अक्कांना फोन लावला. पुतण्यानं त्यांच्या कानाला धरला. मी म्हणालो, "जाऊन आलो. तुम्हाला त्यांनी माफ केलं होतं अक्का, पूर्वीच. एका आखाजीला."

खरखर झाली, त्यांनी फोन पुतण्याकडून स्वतःच्या हातात घेतला असावा.

"मले तर कधी बोलली नाही," त्या म्हणाल्या. आवाज वेगळाच होता. "एवढ्या वेळा गेली मी. खरंच म्हणाली असं?"

"खरंच."

"तिच्याच बोलीत सांग. ती म्हणाली तसं."

स्टँडवर गाड्यांचा गोंगाट होता. मी कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड केलं आणि माई बोलली होती तसं सगळं मोठ्यानं सांगितलं, वाया गेलं म्हणाली तेही, आणि माझ्यासाठी उरलं नाही म्हणाली तेही.